जोडीतला दुसरा

आमच्या भागात कोणी कुठल्याही शर्यतीतून परत आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "पयला आला का?" मग शर्यत बैलांची असो, पोत्यात पाय घालून उड्या मारायची असो, नाहीतर शाळेतल्या हस्ताक्षराची. दुसरा आला म्हटलं की "बरं हाय" म्हणतात. पाचवा आला म्हटलं की विषय बदलून पावसापाण्याचं विचारतात. माझा नातू मोटरसायकलच्या शर्यतीत पाचवा, सातवा, नववा असा येतो. त्यामुळे अख्ख्या सावली गावात माझ्याइतकं पावसापाण्याबद्दल कोणी बोललेलं नसेल.

मी इथल्याच एका शाळेत पोरींना मराठी शिकवून निवृत्त झाले. मुलगा माजरीला कोळशाच्या खाणीत डंपर चालवतो. नातू तिथल्या कॉलनीत वाढला. खाणीतून काढलेल्या मातीचे जे डोंगर उभे राहतात, त्यांच्या पायथ्याच्या कच्च्या रस्त्यावर तो बापाची जुनी गाडी पळवायचा, बाप ड्युटीवर असताना. बाप घरी असला की अभ्यास करायचा. पुढे नागपुरात एका कंपनीने रेसिंगसाठी नवी पोरं निवडली, त्यात हा निवडला गेला, आणि आम्हाला नीट कळायच्या आत चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जाऊन पोचला. आता तो एका टीमकडे पगारावर आहे. शर्यत पळायचा पगार मिळतो हे मला पटायला वेळ लागला. पहिल्या वर्षी मी शेजारणींना सांगायची, "चेन्नईले गाड्यायच्या कामात हाय." खोटं नव्हतं.

टीमची भानगड त्यानेच मला फोनवर समजावली. पहिला येईल त्याला पंचवीस गुण, दुसऱ्याला वीस, असं उतरत उतरत पंधराव्यालाही एक. वर्षभराचे गुण धरून सगळ्यात चांगला रायडर ठरतो, ते वेगळं. पण टीमचंही एक वेगळं विजेतेपद असतं.

"टीमले दोन रायडर असते, आजी. दोघायचे गुण एकाच पोत्यात टाकायचे. वर्षाच्या शेवटी ज्याचं पोतं भारी, ती टीम जिंकली."

"म्हणजे जोडी."

"हो, जोडीच समज."

"मंग तू कोन्या बाजूचा? डावा का उजवा?"

तो हसला. "मी दुसरा आहो, आजी. पयला तो बंगळूरचा पोरगा हाय. तो जिंकते. मी मागून गुण आनतो."

मागून गुण आनतो. हे तो ज्या आवाजात म्हणाला तो आवाज मला ओळखीचा वाटला. पाचवा नंबर ऐकून पावसापाण्याचं बोलणाऱ्या घरातला आवाज होता तो, आणि ते घर आमचंच होतं.

आता जोडीबद्दल मला कोणी शिकवायला नको. जोडी बिघडवायची कशी, हे मी सोळाव्या वर्षीच करून पाहिलं होतं.

आमच्याकडे धान घरात आलं की शंकरपट भरतात. दोन बैल, एक हलका छकडा, त्यावर उकिडवा बसून हाकणारा धुरकरी आणि समोर सरळ मैदान. मधली काही वर्षं पट बंद होते, आता पुन्हा भरतात. माझ्या वडिलांची पटाची जोडी होती. तिच्यातला एक बैल पांढराशुभ्र, शिंगं अशी वळलेली की कोणी सावकाश बसून कोरली असावीत, आणि चालताना मान अशी टाकायचा की मला वाटायचं, माझ्याकडे बघूनच टाकतो. मी तेव्हा दोन वेण्या, लाल रिबिनी आणि डोक्यात भुसा अशी होते. त्या पोरीला मी आज भेटले असते तर आधी गोठा झाडायला लावला असता. तिने काय करावं? पटाच्या आधी महिनाभर रोज सकाळी परकराच्या ओच्यात ढेप, म्हणजे सरकीची पेंड, लपवून गोठ्यात न्यायची आणि त्या पांढऱ्याला चारायची. एकट्या पांढऱ्याला. वडील दोन्ही बैलांना मापाने सारखी ढेप घालायचे, तो तिच्या मते मोठा अन्याय होता. देखण्याला जास्त नको का?

पटाच्या दिवशी पांढरा असा सुटला की जू तिरकं झालं. एक बैल ओढून पुढे निघतो आणि दुसऱ्याला तेवढं जमत नाही, तेव्हा छकडा सरळ जात नाही, वळतो. आमचा वळला. मैदान सोडून, माणसं पांगवत, जिलेबीवाल्याच्या कढईला घासून थेट शेजारच्या तुरीत शिरला. आणि ही रिबिनवाली एका बंडीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती, कारण पांढरा पुढे होता. जोडी तुरीत दिसेनाशी झाली तरी हिच्या टाळ्या चालूच.

घरी आल्यावर आईने माझ्या परकराचा नुसता वास घेतला आणि तिला सगळं समजलं. लग्न होईपर्यंत गाव मला ढेपवाली म्हणायचं. लग्नानंतर तरी सुटका व्हावी, तर जिलेबीवाला सासरच्या गावचा निघाला.

गेल्या वर्षीचा हंगाम संपत आला तेव्हा नातवाचा फोन आला. त्यांची टीम गुणांमध्ये पुढे होती, पण मागची टीम गाठू शकेल इतकीच पुढे. शेवटची एक शर्यत उरली होती.

"तू अन् बाबा या, आजी," तो म्हणाला. "कदाचित शेवटचीच असन माझी."

त्याचा करार त्या शर्यतीबरोबर संपत होता. माझ्या मुलाने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, पुढच्या वर्षी कोणी घेतलं तर ठीक, नाहीतर माजरीला परत ये आणि नोकरीच्या परीक्षा दे. मुलगा कडक नाही. खाणीच्या रस्त्यावर रोज डंपर खाली-वर नेणाऱ्या माणसाला वेगाचं फारसं कौतुक नसतं, इतकंच. तिथे सगळी हुशारी उतारावर गाडी आवरण्यात असते.

आम्ही बल्लारशाहून रेल्वेने चेन्नईला गेलो. मी बरोबर जवसाची चटणी, पोह्याचा चिवडा आणि कुंकवाची डबी घेतली. डबी कशाला, असं मुलाने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी नातू आमच्या लॉजवर आला. पलंगावर मांडी घालून बसला आणि चिवड्याचा डबा पुढ्यात ओढला. अंगाने वाळला होता. हाताच्या तळव्यांना घट्टे पडले होते, बापापेक्षा जास्त.

"मोठ्या टीमचा एक मानूस आला आहे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षासाठी पोरं पाहून राह्यला."

"मंग चांगलंच हाय ना," मी म्हणाले.

"पयल्या तिघायले पाहीन तो. पाचव्याले कोन पाह्यते, आजी?"

"तुमचे साहेब काय म्हनते?" बापाने विचारलं.

साहेब म्हणजे त्यांच्या टीमचा मॅनेजर. नातवाने तोंडातला घास संपवला. "ते म्हनते, तू फक्त गाडी शेवटपर्यंत आन. पडू नको. तीन वर्षं हेच म्हनून राह्यले. गाडी आन, गाडी आन. मी काय डिलिव्हरीवाला आहो?"

"मंग तुह्या मनात काय हाय?"

"उद्या मी तिसऱ्यात घुसतो."

"अन् पडला तर?"

"तं पडलो. तसंही माजरीलेच येनं हाय."

मी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नातवाने हात वर केला. "आजी, ढेपेची गोष्ट नको सांगू. पाठ हाय मले."

मी सांगणारच होते, हे कबूल. मग मी त्याला चटणी वाढली.

सकाळी त्याने आम्हाला गॅरेजमध्ये नेलं. पटाच्या जोडीला पळायच्या आधी घरची बाई कुंकू लावते, त्यासाठी मी डबी नेली होती. पोरं हसतील अशी मनाची तयारी होती. पाहते तर त्यांनी माझ्यावर कडी केलेली. गाड्यांच्या टाक्यांवर चंदनाचे पट्टे ओढलेले, पुढे मोगऱ्याचा गजरा, चाकाखाली लिंबू. मॅनेजर कोइंबतूरचा, पांढऱ्या मिशांचा, काटक माणूस. त्याने हात जोडले आणि तुटक्या हिंदीत म्हणाला, "करो अम्मा, आप भी करो."

मी नातवाच्या गाडीला कुंकू लावलं. निळी गाडी, तिच्यावर लाल बोट छान उठून दिसलं. शेजारी बंगळूरच्या पोराची गाडी होती, तशीच निळी. तिचं मागचं चाक काढलेलं होतं आणि तीन मेकॅनिक तिच्यावर वाकले होते. "दो मिनट, अम्मा," त्यातला एक म्हणाला.

आता रीत अशी आहे की कुंकू लावायचं तर जोडीतल्या दोन्ही बैलांना. एकाला कधीच नाही. हे मला लहानपणापासून माहीत. आणि दोन मिनिटं थांबायला काय हरकत, मला कुठे शेतावर जायचं होतं? पण मनात आलं, हा पोरगा तर एरवीही जिंकतो. याला कशाला पाहिजे? आज गरज आपल्या पोराला आहे. असं म्हणून मी डबीचं झाकण लावलं आणि निघाले. सत्तरी ओलांडली, डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पण ओच्यात ढेप लपवणारी आत जागच्या जागी होती. फक्त रिबिनी तेवढ्या गेल्या होत्या.

शर्यत दुपारी होती. आम्ही सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलो. माणसं पटाला असतात त्याच्या निम्मीही नव्हती, आणि जिलेबी नव्हती. लाउडस्पीकरवर कोणीतरी न थांबता इंग्रजी बोलत होता. दोघांच्या गाड्या सारख्याच निळ्या, त्यामुळे ओळखायचं हेल्मेटवरून. बंगळूरच्या पोराचं पांढरं, नातवाचं पळसाच्या फुलाच्या रंगाचं. ते त्याने मुद्दाम तसं रंगवून घेतलं होतं, लांबून बापाला दिसावं म्हणून.

गाड्या सुटल्या. इतका आवाज की छातीत घुमला. पांढरं हेल्मेट पहिल्या वळणावरच दुसऱ्या जागी होतं. मी नातवाला शोधत होते, तेवढ्यात पायऱ्यांवरची माणसं उठून उभी राहिली. पहिलीच फेरी, तिसरं वळण. पांढरं हेल्मेट गाडीसकट आडवं होऊन घसरत घसरत खडीत गेलं. धुळीचा लोट उठला. मग तो पोरगा उठून बसला, एक खांदा दुसऱ्या हाताने धरून. गाडी उलटी पडली होती आणि तिचं एक चाक फिरतच होतं.

"वाचला," मुलगा म्हणाला.

माझ्या डोक्यात त्या क्षणी टीम नव्हती, गुण नव्हते. कुंकवाची डबी होती, माझ्या पिशवीत, झाकण लावलेली.

मुलाने मोबाइल काढून हिशोब केला. खाणीतला माणूस, पटकन करतो. मग मला समजावलं. गुणांत आपल्या मागे असलेल्या टीमचा एक रायडर सगळ्यात पुढे होता, तो जिंकणार असं दिसत होतं. त्यांचा दुसरा रायडर आपल्या पोराच्या बरोबर मागे होता. आपला पोरगा पाचवा, तो सहावा. असंच शेवटपर्यंत राहिलं तर टीमचा कप आपला. मागचा पुढे गेला तर कप त्यांचा. आपला पोरगा पडला तर मग विचारायलाच नको.

"अन् तिसरा आला तर?" मी विचारलं.

"तरी आपलाच. पन तिसरा याचं म्हनजे त्या दोघायच्या मधात घुसा लागन." त्याने बोट दाखवलं. पळसाच्या हेल्मेटच्या पुढे दोन गाड्या एकमेकींना चिकटून भांडत चालल्या होत्या, कधी ही पुढे, कधी ती. तिसरी आणि चौथी. त्यांच्यात हात घालायचा म्हणजे बोट चिमटण्याचा पूर्ण संभव.

फेरीमागून फेरी तेच. दोन भांडणारे, मागे आपला, त्याच्या मागे तो सहावा, सावलीसारखा. दर फेरीला समोरच्या भिंतीवरून एक मेकॅनिक त्याला पाटी दाखवायचा. मुलाने वाचून दाखवली. वर आकडा पाच, खाली एकच शब्द, ओके. तीन वर्षं मॅनेजर जे सांगत होता तेच, फक्त लहान अक्षरांत.

मी शहाण्या म्हातारीसारखी बसून होते. मनात म्हणत होते, राहू दे बाबा, आहे तिथेच राहा. मागच्याला येऊ देऊ नको. गाडी आन. पटात मला जे पन्नास-साठ वर्षांपूर्वी समजायला हवं होतं, ते आता मला पूर्ण समजलं आहे, असा माझा समज होता.

शेवटची फेरी. शेवटून दुसरं वळण. पुढचे दोघे एकमेकांना बाहेर ढकलत इतके रुंद गेले की आतल्या बाजूला बैलबंडी जाईल एवढी जागा मोकळी झाली. पळसाचं हेल्मेट त्या जागेच्या तोंडाशी. आणि मी उभी राहिले, छत्री खाली पडली, आणि माझ्या घशातून आवाज निघाला, "घूस ना बे, घूस."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्यासमोर उभ्या आयुष्यात कोणाला बे म्हटलं नव्हतं.

तो घुसला नाही. त्याचं हेल्मेट त्या जागेकडे वळलेलं मी पाहिलं, एवढं मी शपथेवर सांगेन. मग ते सरळ झालं. गाडी आपल्या रेषेत राहिली. पुढचे दोघे सावरून पुन्हा त्याच्या पुढे आले, मागचा सहावा आत शिरायला जागा शोधत होता ती त्याला मिळाली नाही, आणि सगळे तसेच, ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने, झेंड्याखालून गेले. तिसरा, चौथा, आपला पाचवा, आणि तो सहावा.

"जिंकलो," मुलगा म्हणाला आणि खाली बसला. माझी छत्री त्यानेच उचलली.

गॅरेजमध्ये गेलो तेव्हा मेकॅनिक एकमेकांना मिठ्या मारत होते. नातू एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाणी डोक्यावर ओतत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. चामड्याचा सूट भट्टीसारखा तापला होता.

"घुसला नाई," मी म्हणाले. मला वाटलं होतं तो आता काहीतरी म्हणेल. जोडीबद्दल, बैलाबद्दल, निदान आजीबद्दल.

"मागचा टायर संपलाता, आजी. आत घातली असती तर गाडी गेली असती खालून."

"म्हनजे टायर असता तर घुसला असता?"

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. "काय मालूम," तो म्हणाला.

पलीकडे कोपऱ्यात दुसरी गाडी आणून ठेवली होती. हँडल वाकलेलं, एका बाजूचा निळा रंग खरवडून गेलेला, फटींमध्ये खडी आणि वाळलेलं गवत अडकलेलं. सगळे बाहेर गेलेले पाहून मी डबी काढली आणि तिच्या टाकीवर बोट टेकवलं. चंदन निम्मं पुसलं गेलं होतं, त्याच्याच खाली.

"अब क्या फायदा, दादी?"

बंगळूरचा पोरगा दारात उभा होता. हात गळ्यात बांधलेला. मी त्याला खरं ते सांगून टाकलं, माझ्या हिंदीत, जी त्याच्या मॅनेजरच्या हिंदीपेक्षा फार चांगली नाही. की सकाळी दोन मिनिटं थांबायचं होतं, थांबले नाही. की आमच्याकडे जोडीतल्या एकालाच कुंकू लावत नाहीत. की तू पडलास तेव्हा मला वाटलं, मी पाडलं.

तो इतका हसला की त्याचा खांदा दुखला. "दादी, टायर ठंडा था. पहली लॅप में मैंने जल्दी की. बस."

एकाचा टायर संपलेला, दुसऱ्याचा थंड. माझी अख्खी जन्माची समजूत त्या दोन टायरांत बसली. तरी मी डबी पुढे करून त्याच्या कपाळालाही लावलं. तो वाकला. तेवढंच.

टीमचा कप दोन कानांचा होता. मॅनेजर मध्ये आणि दोघे दोन बाजूंना. बंगळूरच्या पोराला एकच हात उचलता येत होता, म्हणून एक कान त्याने धरला आणि एक नातवाने, आणि कप जरा तिरका वर गेला. मोठ्या टीमचा तो माणूस तोपर्यंत निघून गेला होता. नातवाने गर्दीत एकदा त्याला शोधलं, हे मला दिसलं.

नंतर मॅनेजर आमच्यापाशी आला. मुलाला म्हणाला, पुढच्या वर्षी हीच जोडी ठेवणार. तुमचा मुलगा दुसरा म्हणूनच राहील, आधीच सांगतो. दोन दिवसांत कळवा. नातू मान खाली घालून म्हणाला, "सोचके बताता हूं, सर." मॅनेजरचा चेहरा पडला. त्याला लगेच हो ऐकायचं होतं.

हंगाम संपला होता, म्हणून नातू आमच्याबरोबरच परत निघाला. रेल्वेत त्याने वरचा बर्थ घेतला नाही, माझ्या समोर खिडकीशी बसला. विजयवाडा गेलं तरी मोबाइल हातात आणि फोन लावायचं नाव नाही. बाप त्याला काही विचारत नव्हता. मीही नव्हते, आणि माझ्यासाठी ते फार अवघड होतं.

"आजी," तो एकदम म्हणाला, "त्या दिवशी पटात, तो दुसरा बैल कसा होता?"

"कोनता दुसरा?"

"पांढरा एक. त्याच्या जोडीतला दुसरा. तू इतक्यांदा गोष्ट सांगतली, त्याचं कधीच नाई सांगतलं."

मी बोलायला गेले आणि माझ्यापाशी काहीच नव्हतं. पांढऱ्याच्या शिंगांचं वळण मी आजही बोटाने काढून दाखवेन. त्याच्या पापण्या मला आठवतात. दुसऱ्याचा रंगसुद्धा पटकन येईना. मातकट होता. हो, मातकट. एका कानाला चीर होती. मी डोळे मिटले आणि तुरीच्या शेतात गेले, जिथे मी टाळ्या संपवून धावत गेले होते.

मग मी त्याला सांगितलं, आणि सांगता सांगताच मला ते दिसत गेलं. पांढरा तुरीत गुडघ्यांवर कोसळला होता आणि सुटायला धडपडत होता. छकडा एका चाकावर आला होता, धुरकऱ्याचा पाय खाली अडकलेला. आणि तो मातकट बैल चारी पाय रोवून उभा होता. मानेवर जू तिरकं, एका बाजूला सगळं वजन, तोंडाला फेस, पण हलला नाही. माणसं येऊन कासरे कापेपर्यंत नाही. तो एक पाऊल टाकता तर छकडा त्या माणसाच्या अंगावर पालथा झाला असता. वडिलांनी त्याच्या गळ्यात पडून डोकं टेकवलं होतं. मी तेव्हा कुठे होते? मी पांढऱ्याचे गुडघे पुसत होते. रिबिनीने.

नातू ऐकत राहिला. मुलाने पेपर खाली ठेवला होता.

"नाव काय होतं त्याचं?" नातवाने विचारलं.

"आठवत नाई रे."

"पांढऱ्याचं आठवते?"

"पांढऱ्याचं आठवते."

त्याने मान हलवली, रागाने नाही. बल्लारशा यायला लागलं, लोक सामान काढायला लागले, तेव्हा तो उठून दारापाशी गेला आणि त्याने फोन लावला. गाडीच्या खडखडाटात मला एवढंच ऐकू आलं, "सरि, सर. सरि." तमिळमधलं बरं म्हणणं. तीन वर्षांत एवढं तर मीही शिकले आहे.

"काय म्हटलं?" तो परत आला तेव्हा बापाने विचारलं.

"हो म्हटलं."

"दुसराच ना?"

"दुसराच." मग पिशवी खांद्यावर टाकत तो म्हणाला, "पन नवीन टायर मागतले म्या. शेवटच्या फेरीपर्यंत पुरतीन असे."

बाप हसला. गाडी थांबत होती आणि मला उतरायचं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. ते दोघे पुढे माजरीला गेले. मी सावलीच्या बसमध्ये बसले, आणि वाटेत मूल गावच्या स्टँडवर बस उभी राहीपर्यंत त्या मातकट बैलाचं नाव आठवून पाहत होते. वडिलांच्या आवाजात ते कसं यायचं, ते जिभेच्या टोकावर होतं. पण आलं नाही.